जकात : नाक्यापासून दारापर्यंत

सातवीच्या वर्गाला मराठी शिकवताना एकदा ‘जकात नाका’ हा शब्द आला. लांज्यातली आमची उर्दू माध्यमाची मुले मराठीच्या तासाला तशी जपूनच बोलतात, पण त्या दिवशी मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, नाक्यावर जकात कोण वाटत होतं?” वर्ग हसला. आम्हालाही हसू आले.

मुलाची चूक नव्हती. त्याने हा शब्द घरी, रमजानात, थोरांच्या तोंडून ऐकलेला. मराठीत मात्र तोच शब्द कित्येक शतके मालावरच्या कराला लागलेला आहे. सुलतानांच्या कारभारातून तो आला, मराठेशाहीत जकातदार झाले, पुढे नगरपालिकांनी नाके उभारले. मुंबईचे जकात नाके १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यावर बंद पडले. एवढे सांगून आम्ही म्हणालो, “नाक्यावर जकात घेत असत, बेटा, वाटत नसत.” त्यावर तो सरळ म्हणाला, “हां, वाटतात ती लाइनीत.”

आता वर्ग हसला नाही. कारण पुष्कळांना ठाऊक होते. त्याआधीच्या रमजानात, परीक्षा तोंडावर आली असताना, हा मुलगा आठ दिवस गैरहजर होता. वडील हयात नाहीत. आई काजू फोडण्याच्या कामावर जाते. ती त्याला घेऊन मुंबईला गेली होती. तिथे एका मोठ्या माणसाच्या इमारतीखाली सहरीपासून रांग लागते, असे तिला कोणी सांगितले होते. दोघे रोजा ठेवून दोन दिवस उभे राहिले. जे मिळाले त्यातले बरेचसे येण्याजाण्यात आणि राहण्यात गेले. आणि त्याच रमजानात त्यांच्या मोहल्ल्यातल्या खात्यापित्या घरांची जकात पावतीबुके घेऊन आलेल्या माणसांबरोबर दूरदूरच्या गावांना गेली होती. त्यात आमचेही पाकीट होते.

ही गोष्ट आम्हाला खुपत राहिली. जकात देणारा आहे, घेणाराही आहे, दोघे एका मोहल्ल्यात राहतात, आणि तरी बाईला साडेतीनशे किलोमीटर जावे लागते. हे असे केव्हापासून झाले असावे? त्या प्रश्नाचा माग काढत जे वाचले आणि वडीलधाऱ्यांकडून ऐकले, ते इथे मांडत आहोत.

जकात फर्ज झाली ती मदिनेत, हिजरी सन २ मध्ये, म्हणजे इ. स. ६२४ च्या सुमारास. सोन्याचा निसाब साडेसात तोळे, चांदीचा साडेबावन्न तोळे. एवढी मालमत्ता वर्षभर राहिली की तिचा चाळिसावा भाग द्यायचा, हे आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असते. ती कोणाला द्यायची हेही कुरआन शरीफने मोघम ठेवलेले नाही. सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत आठ हकदार सांगितले आहेत : फकीर, मिस्कीन, जकातीच्या कामावर नेमलेले आमिल, ज्यांची मने जोडून घ्यायची आहेत ते, गुलामीतून सुटू पाहणारे, कर्जात बुडालेले, अल्लाहच्या मार्गातले आणि वाटेत अडकलेले प्रवासी.

या यादीत तिसऱ्या जागी बसलेल्या आमिलाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. जकात गोळा करणारा आणि पोहोचवणारा माणूस असणारच, हे तिथे धरून चालले आहे आणि त्याचा मेहनतानाही त्यातूनच लावून दिला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांची या आमिलांना दिलेली एक ताकीद हदीसमध्ये येते. आमिलाने एका जागी तळ ठोकून लोकांना गुरे हाकत आपल्याकडे यायला लावू नये. लोकांच्या राहत्या जागी जाऊन जकात घ्यावी. देणाऱ्यालासुद्धा पायपीट घडू नये याची ही काळजी आहे. मग घेणाऱ्याला किती जपले असेल! हजरत मुआज बिन जबल (रजि.) यांना यमनला पाठवताना जे सांगितले गेले त्याचा आशय असा, की तिथल्या सधनांकडून घ्यावे आणि तिथल्याच गरिबांना परत द्यावे. ‘परत’ हा शब्द आम्ही मुलांना मुद्दाम समजावून सांगतो. परत देतात ती वस्तू मुळात ज्याची असते त्याला.

प्रेषितांच्या वफातीनंतर, इ. स. ६३२ मध्ये, काही टोळ्या म्हणू लागल्या की आम्ही नमाज पढू पण जकात देणार नाही. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी ते मानले नाही आणि त्यांच्याशी युद्ध पत्करले. गरिबांचा हक्क देणाऱ्याच्या मर्जीवर सोडता येत नाही, हा त्यातला निर्णय. हजरत उमर (रजि.) यांची गोष्ट तर घराघरांत सांगितली जाते. रात्री गस्त घालताना त्यांना एक बाई चुलीवर नुसते पाणी उकळत भुकेल्या मुलांची समजूत घालताना दिसली, आणि खलिफाने पिठाचे पोते स्वतःच्या पाठीवर घेऊन तिच्याकडे नेले. इमाम अबू यूसुफ (निधन इ. स. ७९८) यांच्या ‘किताबुल खराज’मध्ये आणखी एक प्रसंग आहे. भीक मागणारा एक वृद्ध अंध यहुदी पाहून हजरत उमरनी त्याला बैतुलमालातून मदत बांधून दिली. पुढे बहुसंख्य फकिहांनी जकात मुस्लिम गरजूंसाठी आणि सदका सर्वांसाठी अशी विभागणी धरली. पण उपाशी माणूस परधर्मी आहे म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवायची मुभा कोणीच दिलेली नाही.

मग वळण आले ते हजरत उस्मान (रजि.) यांच्या काळात. राज्य वाढले होते. गुरेढोरे आणि पीक डोळ्यांना दिसते. पण घरातले सोने, चांदी, रोकड कोण मोजणार? ही झाकलेली संपत्ती ज्याची त्याने मोजावी आणि तिची जकात ज्याची त्याने द्यावी, असे ठरले. त्यामुळे सरकारी माणसाने घराघरांत डोकावण्याचा प्रश्न मिटला. मात्र हकदार शोधण्याची आमिलाची जबाबदारीही त्याबरोबर देणाऱ्याच्या शिरावर आली. उमर बिन अब्दुल अजीज (कारकीर्द इ. स. ७१७ ते ७२०) यांच्या आमिलाला आफ्रिकेत जकात घ्यायला कोणी गरीब मिळेना, म्हणून त्याने त्या पैशांतून गुलाम विकत घेऊन मुक्त केले, अशी रिवायत आहे. शोधायला पाठवलेला माणूस होता, म्हणूनच कोणी गरीब उरला नाही हे कळू शकले.

आता आपल्या कोकणाकडे वळू. इथे इस्लाम आला तो समुद्रावरून, व्यापाऱ्यांबरोबर. अरब प्रवासी मसूदी इ. स. ९१६ मध्ये चौलला आला, तेव्हा तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. त्यांच्या आपसांतल्या बाबी पाहायला राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला असे. त्याला ‘हुनरमन’ म्हणत. राजा हिंदू, राष्ट्रकूटांचा काळ. म्हणजे आपल्या आजच्या जमातीची कल्पना किनाऱ्यावर हजार वर्षांहून जुनी आहे.

त्याहून बोलका पुरावा डहाणूजवळच्या चिंचणी गावात सापडलेल्या ताम्रपटाचा. शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६ चा हा संस्कृत लेख. राष्ट्रकूटांनी संजान प्रांताचा कारभार मधुमती नावाच्या एका ताजिकाकडे, म्हणजे अरबाकडे, सोपवला होता. ‘मधुमती’ हे ‘मुहम्मद’चेच संस्कृत वळण, असे अभ्यासक मानतात. या अधिकाऱ्याने नद्या ओलांडायला फुकट होड्या ठेवल्या आणि एक अन्नछत्र उघडले. तिथे येणाऱ्याला भात, कालवण आणि तूप मोफत मिळे. त्याच लेखात देवीच्या मठाला जमीन दिल्याचीही नोंद आहे. याला जकात म्हणता येणार नाही, ती सर्वांसाठीची खैरात. पण कोकणातल्या मुसलमानाच्या दानाचा हा आरंभीचा लेखी पुरावा वाटसरूला नदीपार नेऊन जेवू घालणाऱ्याचा आहे, याचा आम्हाला आनंद वाटतो. आठ हकदारांतला शेवटचा, तो प्रवासीच.

लांज्याच्या पूर्वेला सह्याद्रीच्या माथ्यावर विशाळगड आहे. बहमनी वजीर महमूद गवानने १४७० च्या सुमारास संगमेश्वर आणि विशाळगडचा हा मुलूख मोठ्या लढाईने जिंकला. लढाईचा इतिहास शाळेत शिकवतो; त्याची दुसरी बाजू फरिश्त्याने लिहून ठेवली आहे. राज्याच्या खजिन्याचा धनी असलेला हा वजीर मातीच्या भांड्यांत जेवत असे आणि गरिबांसाठी वेगळा खजिना ठेवत असे. जुम्म्याच्या आदल्या रात्री वेष पालटून तो मोहल्ल्यामोहल्ल्यांतून फिरे, गरजूंच्या हातात पैसे ठेवी आणि हे सुलतानाने पाठवले असे सांगे. १४८१ मध्ये खोट्या पत्रावरून त्याला ठार मारण्यात आले, तेव्हा त्याच्या घरात म्हणण्यासारखी संपत्ती निघाली नाही.

असे नमुने थोडे. रोजच्या जगण्यातली जकात शेतावर होती, आणि तिथला हिशेब आपल्याला अडचणीत टाकतो. पावसावर पिकलेल्या धान्याचा दहावा भाग, उश्र, हा गरिबांचा हक्क. आपण कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. शाफई फिक्हमध्ये आंबा, फणस, काजूवर उश्र नाही. साठवून खाता येते त्या मुख्य अन्नावर, म्हणजे आपल्याकडे भातावर आहे. त्यातही टरफलासकट ठेवलेल्या भाताचा निसाब दहा वसक, आजच्या मापाने साधारण तेरा क्विंटल. लांज्याच्या डोंगरउतारावरच्या चार-सहा गुंठ्यांत एवढे भात कुठून येणार? उश्र देण्याइतके भात ज्याच्या कोठारात पडे तो बहुधा खोत. आणि खोत कुळाकडून किती घेई? अर्धेलीचे कूळ असेल तर पिकाचा निम्मा वाटा, तिर्धेलीचे असेल तर तिसरा. खोतांत हिंदू होते, मुसलमानही होते; कुळांतही दोन्ही होते. आमच्या वाडवडिलांपैकी कोणी खोताने इमानदारीने दहावा भाग काढला असेलही. पण ज्याच्याकडून निम्मे घेतले त्यालाच त्यातले दहा पायली परत देऊन तो स्वतःला सखी समजला असेल, तर तो हिशेब वर कसा लागला असेल कोणास ठाऊक. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोतीविरुद्ध विधेयक मांडले आणि १९४९ च्या कायद्याने खोती गेली. गरिबाला न्याय मिळणे ही पहिली गोष्ट, जकात त्यानंतरची. हा धडा आम्ही या पानावरून घेतो.

तोवर गावाचे पोट शेतावरून मुंबईवर आले होते. टपाल खात्याने १८८० मध्ये मनिऑर्डर सुरू केली आणि रत्नागिरी जिल्ह्याचा संसार पुढे शंभर वर्षे तिच्यावर चालला. गोदीत, जहाजावर, गिरणीत, बेकरीत राबणारा चाकरमानी रमजान आला की घरखर्चाबरोबर चार रुपये जास्त पाठवी, आणि ते कोणाला द्यायचे हे पत्रात लिही. पत्र वाचून दाखवणारा बहुधा मास्तर किंवा मौलाना. म्हणून कोणाच्या घरी चूल पेटत नाही हे त्या दोघांना ठाऊक असे आणि ते दोघे तोंड बंद ठेवत. आमच्या मते कोकणातले न नेमलेले आमिल हेच.

आम्ही लहान असताना चाँदरातीला फितऱ्याचे तांदूळ पोहोचवायचे काम मुलांकडे असे. शाफई रिवाजाप्रमाणे माणशी एक साअ, म्हणजे अडीच किलोच्या आसपास. अंधार पडला की पिशवी हातात देऊन आई सांगे, “मागच्या दाराने जा, हाक मारू नको, पडवीत ठेव आणि ये.” पिशवी कोणाची हे घेणाऱ्याला कळत नसे. दुसऱ्या दिवशी ईदगाहवर सगळे सारख्याच कपड्यांत दिसत.

गल्फचा पैसा १९७० नंतर आला. घरे बदलली, मशिदी बदलल्या. जकातीचा आकडा वाढला आणि त्याबरोबर पावतीबुकेही वाढली. दूरचे मदरसे आणि यतीमखाने यांची गरज खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. आमच्यातलेच कित्येक जण तसल्या ठिकाणी शिकले. पण नोटांचे पाकीट पावतीवर दिले की फर्ज उतरला, असे आपल्याला वाटू लागले आणि मागच्या दाराची वाट मोडली.

देणारा आणि घेणारा यांच्यातली रेघ किती पुसट असते, हे १९९० ने दाखवले होते. २ ऑगस्टला इराकने कुवेत घेतले आणि दीड लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी परत आणावे लागले. त्यांत कोकणातले पुष्कळ होते. जुलैपर्यंत जकात काढणारी माणसे सप्टेंबरात एका बॅगेनिशी एस.टी.तून उतरली. कोणी वाटेत अडकलेला प्रवासी, कोणी एजंटाच्या कर्जात बुडालेला. आठांपैकी दोन रकाने एका महिन्यात भरले. त्या माणसांनी कोणाकडे हात पसरला नाही. जे मागत नाहीत आणि म्हणून अजाण माणसाला सधन वाटतात, त्यांना चेहऱ्यावरून ओळखा, असा आशय सूरह बकराच्या २७३ व्या आयतीत आहे. चेहऱ्यावरून ओळखायला माणूस शेजारचा असावा लागतो.

म्हणूनच शाफई फकिहांनी, हकदार असताना जकात त्या जागेबाहेर नेऊ नये, असे म्हटले आहे. आता कमाई मुंबईत किंवा मस्कतमध्ये आणि घर लांज्यात असलेल्या माणसाची ‘जागा’ कोणती, हा प्रश्न आलिमांना विचारावा. त्यावर सवलतीही सांगितल्या जातात. पण त्या नियमामागचे शहाणपण कोणालाही कळण्याजोगे आहे. आम्ही ते मुलांना गणितात घालून देतो. घराला दहा रुपये लागतात आणि दोन-तीनच येतात, तो फकीर. सात-आठ येतात पण दहा पुरे होत नाहीत, तो मिस्कीन. एका मुलीने विचारले, “सर, मिस्कीन तर कामाला जात असेल ना?” होय, जातो. आपल्या आसपासचे बहुतेक मिस्कीन रोज कामाला जातात, म्हणून ते आपल्याला दिसत नाहीत.

किती द्यावे यावरही जुने लोक आपल्याहून पुढे होते. इमाम नववी (निधन इ. स. १२७७) यांनी लिहिले आहे की हुन्नर असलेल्याला त्याच्या हुन्नराची हत्यारे घेता येतील इतके द्यावे, व्यापार जाणणाऱ्याला भांडवल द्यावे, म्हणजे तो पुन्हा जकातीवर राहणार नाही. शंभर बायकांना शंभर-शंभर रुपये देऊन रांग लांबवण्यापेक्षा एकीला शिलाई मशीन किंवा काजू फोडण्याचे यंत्र घेऊन देणे, हा साडेसातशे वर्षांपूर्वीचा मसला आहे.

रांगेची किंमत कधी कधी फार भयंकर पडते. इंडोनेशियातल्या पासुरुआन शहरात सप्टेंबर २००८ मध्ये एका सधन घराबाहेर जकातीसाठी उसळलेल्या गर्दीत २१ बायका चेंगरून मेल्या. यमनची राजधानी सना इथे एप्रिल २०२३ मध्ये, रमजानच्या शेवटी, व्यापाऱ्यांच्या दानवाटपात ७० हून अधिक माणसे गेली. ज्या यमनला मुआज (रजि.) यांना पाठवले होते, तेच हे यमन. ही बातमी वाचली त्या दिवशी आम्हाला तो मुलगा आणि त्याची आई आठवली.

चांगले उदाहरण लांब शोधायला नको. मे २०२० मध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीतल्या रमजानात, इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने जकात आणि देणग्यांतून जमलेले ३६ लाख रुपये तिथल्या इंदिरा गांधी रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभारायला दिले. ईदच्या सुमारास तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी मुंबईतून त्याचे उद्घाटन केले. जकातीचा माल हकदाराच्या मालकीत जावा लागतो, मग यंत्रे आणि खाटा यांचे काय, हा प्रश्न फिक्ह जाणणारा विचारील आणि तो रास्त आहे. अशा कामात सदका कुठला आणि जकात कुठली हे वेगळे ठेवलेले बरे. पण गाव म्हणून एकत्र बसले, आपल्याच शहरातली गरज पाहिली आणि आपल्याच शहरात पैसा लावला, ही गोष्ट शिकण्यासारखी आहे.

लांजा लहान गाव. आमच्या हातून अतिदक्षता विभाग होणार नाही. गेल्या शाबानमध्ये आम्ही चार-पाच जण इशानंतर मशिदीच्या पडवीत बसलो. मोहल्ल्यातल्या घरांची वही केली. वही दोघांकडेच राहील आणि नाव मोठ्याने वाचायचे नाही, असे ठरले. जकातीचा एक भाग आधी या वहीसाठी, मग पावतीबुकांसाठी. वहीत तीस घरे तरी निघतील असे वाटले होते; प्रत्यक्षात अकरा निघाली. अकरा घरांना एका मोहल्ल्याची जकात पुरत नाही असे कोण म्हणेल? त्यांतल्या एका घराने, आमच्यापेक्षा पलीकडच्यांना द्या, असे सांगून पाकीट परत केले. तेव्हा पलीकडचे ते बारावे घर आम्हाला कळले.

त्या मुलाच्या घरी आम्ही दोघे तरावीहनंतर गेलो. आईने दार किलकिले उघडले. पाकीट हातात दिले, तेव्हा ती दिव्याखाली येऊन म्हणाली, “मास्तर, अंगठा कुठे करू? तिकडे आधी अंगठा घेतात.”

आम्ही सांगितले, “काही करायचं नाही. हे तुमचंच आहे, आणायला आम्हाला उशीर झाला.”

मुलगा आत अभ्यासाला बसला होता. त्या रमजानात त्याची हजेरी पूर्ण भरली.